आत्याची भरती-ओहोटी

समस्त लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आमच्या थळच्या कोळीवाड्यात आत्याला आगाऊ कळवल्याशिवाय कोणी मरत नसे. निदान तिचा तसा समज होता.

वैद्याने एखाद्या घरात मान हलवली, की त्याच दिवशी आत्या काखेत चटई मारून तिथे हजर. आजाऱ्याकडे ती नंतर बघे. आधी त्याचं करणाऱ्या सुनेला नाहीतर लेकीला विचारी, "तू कधी निजलीस?" आणि शेजारच्या ओटीवर चटई टाकून तिला सक्तीने आडवी करी. लोक म्हणत, ती धडधाकट आहे, एवढी घाई कशाला? आत्या म्हणे, "ती पडल्यावर धावलं तर दोन आजारी उचलाया लागतात."

मग ती बायका वाटून देई. घड्याळ कोणाकडे नव्हतं, पण समुद्र सगळ्यांच्या दारात होता. पाणी चढू लागलं की एकीने बसायचं, उतरू लागलं की दुसरीने. भरतीची वेळ रोज पुढे सरके, त्यामुळे अवघड वेळ एकीच्याच माथी बसत नसे.

ती माझी सख्खी आत्या, पण तिचा जीव शेजारच्या येसूवर. येसू हाताने हलकी, तोंडाने मुकी. मी दोन्ही बाबतींत उलट. मला तिचा इतका हेवा वाटे, की तिने वाळत घातलेले बोंबीलसुद्धा मला माझ्यापेक्षा सरळ दिसत.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा आत्याने येसूला पाठवलं. आई तिच्या हातून वाटीभर पेज प्यायली. माझ्या हातून दोन घोट. मी येसूला घरी लावून दिलं आणि एकटीने कंबर कसली. पाचव्या दिवशी बसल्या बसल्या डोळा लागला आणि मी आईऐवजी उशीला पेज भरवली. आई त्या अवस्थेतही हसली.

आत्या रागावली नाही. चटई पसरत एवढंच म्हणाली, "चंद्रे, पेज भरवाया दहाजणी हायत. हात धरून बसाया लेक एकच. तेवढ्यासाठी नीज." मी निजले. आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि मी जागी होते.

पुढे काही वर्षांनी आत्याच्याच पोटात गाठ निघाली. वैद्य अंगणातून बाहेर पडायच्या आत तिने बायका वाटल्या. मला भरती, येसूला ओहोटी. आता आमच्याकडे सगळे मानत, की माणूस जातो तो ओहोटीबरोबर. म्हणजे शेवटचा श्वास येसूचा! मी फुगून विचारलं, तर म्हणाली, "ओहोटीला मला निजायचं असतंय. तू लय बडबडतेस."

मग काय, भरतीला मी बडबडले. कोणाची सासू कोणाशी भांडली, कोणाच्या होडीत काय सापडलं, सगळं नकलांसकट. हसताना तिला कळा येत, तरी ती पुढे सांग म्हणून खुणावी.

एका दुपारी पाणी ऐन काठाला लागलं होतं. मी सावकाराच्या शिंकेची नक्कल करत होते. आत्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं. मी पुन्हा शिंकले. मग मला कळलं.

बायका धावत आल्या, पुढे येसू. ती आत्याचे पाय धरून पहिल्यांदाच मोठ्याने रडली. सगळा कोळीवाडा दारात उभा असताना माझ्या तोंडून निघून गेलं,

"येसू, माझ्या भरतीला गेली ती, तुझ्या ओहोटीला न्हाय!"