पिराजीचा रेडा

९ जुलै २०२३, रविवार. पहाटेपासून झड. मोना कामाला आली नाही, भांडी मीच घासली. दुपारी पिराजीने स्वतः बनवलेले यंत्र आमच्या बंद मारुतीला लावून पाहिले. गाडी हलली. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

कसबा बावड्यात आमच्या कंपाउंडला लागून पिराजीचे गॅरेज आहे. जागा आमची. यांनी ती पिराजी आणि बाळासो या दोघांना मिळून भाड्याने दिली होती. दोघे गारगोटीचे, एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेले, एकाच डब्यात जेवलेले. गाड्या पिराजी दुरुस्त करी आणि गिऱ्हाइकांशी बाळासो बोले.

गॅरेज लांबट आणि अरुंद. नेमकी हवी ती गाडी सगळ्यात मागे अडकलेली असायची. मग पुढच्या साऱ्या बंद गाड्या ढकलून रस्त्यावर काढायच्या आणि संध्याकाळी पुन्हा आत घ्यायच्या. ढकलून ढकलून पिराजीची कंबर गेली. पुन्हा गाडीला खांदा लावलास तर अंथरूण धरशील, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हापासून तो रविवारी भंगारातल्या ई-रिक्षाची मोटर घेऊन बसू लागला.

बाळासो येता-जाता टोमणे मारी. ‘‘आरं, बायको घरात वाट बघत्या आन् तू लोखंडासंगं संसार मांडलाईस व्हय?’’

यंत्र दिसायला ठेंगणे होते. खाली तीन चाके, वर बॅटऱ्यांची पेटी. पुढचे दोन लोखंडी हात गाडीच्या मागच्या चाकाला घट्ट बिलगत आणि गाडी पुढे रेटत. पिराजी डावखुरा, म्हणून चालवायची मूठ त्याने डाव्या बाजूला बसवली होती. मारुती हलली तेव्हा बाळासोने त्याला मिठीच मारली.

‘‘ह्यो तर रेडा हाय की, रेडा! पिरा, दोघं मिळून विकू. डोकं तुझं, तोंड माझं.’’

दुसऱ्याच दिवशी पिराजीने पिवळ्या रंगाने पेटीवर दोघांची नावे लिहिली. बाळासोचे आधी.

यंत्र पुरते जमल्याशिवाय बाहेरच्या कुणाला आतून दाखवायचे नाही, असे दोघांचे ठरले होते. पिराजी रोज संध्याकाळी ते आतल्या खोलीत घेऊन कुलूप लावी. खंडेनवमीला मात्र त्याने गॅरेज धुऊन काढले, पाने-हातोडे पोत्यावर मांडले आणि रेडा मधोमध आणून त्याला झेंडूची माळ घातली. पेटीच्या झाकणावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले, झाकणावरून खाली पेटीवर उतरणारे. पूजा झाली, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्यार हलवायचे नाही. घरची पूजा गारगोटीला होती, म्हणून तो निघाला.

‘‘यंत्र आत ठेवून कुलूप लाव,’’ मी म्हटले.

‘‘काकी, पुजलेल्या हत्याराला कोण हात लावतंय? आन् बाळासो हाय की हितं.’’

त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये दिवा होता. बाळासोबरोबर दोन अनोळखी माणसे होती. एकाच्या हातात मोजमापाची टेप होती. खंडेनवमीला लोक एकमेकांच्या दुकानात पूजा बघायला जातातच, म्हणून मी खिडकी लावून घेतली.

सकाळी पिराजी आला तेव्हा स्वस्तिक तुटलेले होते. झाकणावरच्या रेघा पेटीवरच्या रेघांना जुळत नव्हत्या. तो बघत उभा राहिला. तेवढ्यात बाळासो आपट्याची पाने घेऊन आला.

‘‘झाकण कुणी काढलंतं?’’

‘‘मीच. वायरीचा वास येत हुता. घे, सोनं घे.’’ आणि त्याने पिराजीला उराशी धरले.

नंतर मी पिराजीला त्या दोन माणसांचे आणि टेपचे सांगितले. ‘‘परसादाला आली आसतील,’’ एवढेच तो म्हणाला.

फेब्रुवारीत एक गिऱ्हाईक सहज बोलून गेले, की उचगावच्या एका मोठ्या गॅरेजात गाड्या ढकलायचे यंत्र आले आहे. पिराजी लगेच स्कूटर काढून गेला. परत आला तो आमच्या पायरीवर बसला.

‘‘काकी, रंग लाल दिलाय. बाकी माझाच रेडा. कागलच्या एमआयडीसीत बनवलाय. मूठसुद्धा डाव्या हाताला! उजव्या हाताच्या माणसाला त्यो धड चालवता येत न्हाय, तरी तशीच ठेवल्या. आन् पाटीवर नाव राजवीरचं.’’

राजवीर म्हणजे बाळासोचा मुलगा.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडचे बोलणे मला स्पष्ट ऐकू आले.

‘‘दोघांची नावं घातलीती मी, बाळ्या.’’

‘‘घातलीतीस रंगानं. तू आजून धा वर्षं घासत बसला आसतास. दसऱ्याला लोक सोनं वाटत्यात, तू मशीन वाटलंस आसं समज!’’ बाळासो हसला, आणि बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकेही हसली.

‘‘नवमीला झाकण काढलंस.’’

‘‘झाकणच हाय. देव्हारा न्हवं.’’

‘‘मागितलं आसतंस तर उघडून दिलं आसतं की रं. पूजा बांधून मी गावाकडं गेलो, आन् तू...’’

मग मोटरचा आवाज आला. मी फाटकाशी गेले. मागच्या भिंतीला बाळासोची इंजिन काढलेली जीप होती. पिराजीने पुढच्या गाड्या एकेक करून रस्त्यावर काढल्या आणि रेड्याचे हात जीपच्या चाकाला लावले.

‘‘बस स्टेअरिंगवर.’’

‘‘येडा झालाईस काय?’’ असे म्हणत बाळासो हसतच बसला. त्याला ती थट्टा वाटली असावी. जीप सावकाश गॅरेजातून निघाली, रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला थांबली. पिराजीने रेडा सोडवला, बाकीच्या गाड्या आत घेतल्या आणि शटर ओढले. बाळासो जीपमध्येच होता, स्टेअरिंग धरून. आता तो हसत नव्हता.

जाताना पिराजी फाटकापाशी थांबला.

‘‘टेपचं तुम्ही सांगितलंतं मला.’’

‘‘हो.’’

‘‘परसादाला आली आसतील म्हटलो मी.’’ मान हलवत तो कंबर धरून चालू लागला.

त्या संध्याकाळी मी रोजनिशीत लिहिले : भात होत असतानाच गॅस संपला. नवा सिलिंडर लावला.