ट्यूबबाई

वर्गात कुणी बोलायला तोंड उघडलं की ट्यूबबाई दिवा घालवायच्या. बाईंना ऐकू येत नसे आणि अंधारात हात दिसत नसत, म्हणजे संभाषण संपलं. दिवा लागेपर्यंत गप्प बसायचं आणि मग हातांनीच बोलायचं. लातूरच्या एका कम्युनिटी कॉलेजात सांकेतिक भाषेचे दुभाषी तयार करण्याचा वर्ग त्या चालवत. नाव आम्ही पाठीमागं ठेवलेलं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी हवेत बटण दाबून दाखवलं आणि तीच आपली खूण ठरवून टाकली.

पहिल्या दिवशी मात्र त्या दिव्याकडे गेल्या नव्हत्या. बहिरी माणसं लक्ष वेधायला जमिनीवर पाय आपटतात. हादरा समोरच्याच्या पायाला कळतो. वर्ग जुन्या माडीवर, खाली लाकडी फळ्या. बाईंनी पाय आपटला आणि औशाकडची एक पोरगी चपला टाकून थेट मैदानात. भूकंपात तिला लहानपणी ढिगाऱ्याखालून काढलं होतं. तिच्यामागं आम्ही सगळे. आपल्याकडं कारण विचारत कोण बसतं? बाई रिकाम्या वर्गात एकट्या उभ्या. दुसऱ्या दिवसापासून दिवा.

नांदेडची मूकबधिर शाळा मला दुभाषी म्हणून घ्यायला तयार होती, पण पास झाल्यावरच. बाईंनी मला दोनदा नापास केलं. कारण दोन्ही वेळा तेच. सरावात बहिरं गिऱ्हाईक झालेल्या बाईंनी दुकानदाराला ‘तू लबाड आहेस’ अशी खूण केली, की मी तोंडानं म्हणायची, "यांना भाव जरा जास्त वाटतोय." बाईंना ओठ वाचता येत. त्या फळ्यावर लिहायच्या, ‘तुझं घरी ठेव. माझं बोल.’ मी वैतागून गेले होते. या वयात बोटं वळत नव्हती, घरी सराव करावा तर नवरा म्हणायचा, "कोणाला हातवारे करून राहिलीस? भाजी करपली तिकडं."

तोवर गल्लोगल्ली मेडिकलचे क्लास निघाले होते. आमच्या खोलीवर कॉलेजच्या संचालकांची नजर गेली. बाई मला घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. जाताना हातांनी म्हणाल्या, "ही तुझी परीक्षा."

संचालक म्हणाले, "मॅडम, मेडिकलची पोरं जिन्यात बसून राहिलीत. तुमची माणसं मूठभर." मी खुणा केल्या. मग ते माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "यांना काय, हातच तर हलवायचेत. झाडाखाली भरवा म्हणावं वर्ग. हे त्यांना सांगू नका बरं."

मी सगळं सांगितलं. झाडाचं सांगितलं आणि ‘हे त्यांना सांगू नका’ हेही सांगितलं.

बाईंचे हात चालू झाले, तसं माझं तोंड. "मी बसते की झाडाखाली. तुमची खुर्ची पण तिथंच टाकू. केबिन मेडिकलच्या पोरांना द्या, पंखा चांगला हाय."

संचालक माझ्यावरच खेकसले, "ताई, जरा जपून बोलत जा."

मी तेही बाईंना सांगितलं. त्या हसल्या आणि मी त्यांचं बोलले, "ती कुठं बोलली? मी बोलले."

खोली गेलीच. जिन्यात मेडिकलची पोरं ओलांडत उतरताना बाईंनी मला पास केलं. झाडाखालचा वर्ग पहिल्या पावसाबरोबर मोडला. माझ्यामागं त्या कॉलेजातून एकही दुभाषी बाहेर पडला नाही.

मी नांदेडला निघाले तेव्हा बाई स्टँडवर आल्या होत्या. एसटीची काच बंद झाली, इंजिन सुरू झालं. शेजारची बाई आपल्या माणसाला ओरडून काहीतरी सांगत होती, त्याला ऐकू जात नव्हतं. आम्ही मात्र गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत संचालकांना नावं ठेवत होतो.

आता दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, सोयरीक जुळवताना कुणी ना कुणी माझ्याकडं वळतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, "हे त्यांना सांगू नका." तोवर माझे हात वर आलेले असतात.