खडूची खूण

स्वतःच्या हातच्या कामावर काडीचा विश्वास नाही आणि दुसऱ्याच्या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास, असा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे आमचे ओझरवाले. आमच्या जुन्या दगडी शाळेच्या सागवानी खिडक्या दुरुस्त करायला आम्ही माजी विद्यार्थी दर रविवारी जमायचो. हे गृहस्थ ना शाळेचे विद्यार्थी, ना कुणाचे पाहुणे. ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बाजाराला आले असताना पटांगणात मांडलेल्या खिडक्या दिसल्या, म्हणून आत शिरले, "जय भीम, हात लावू का?" म्हणाले आणि पुढच्या रविवारी पेटी घेऊन हजर! आम्ही जुना रंग खरवडायचो तो दुधी सोलल्यासारखा, जमेल तिथं जमेल तसा. हे मात्र एकेक स्क्रू काढून डबीत ठेवणार आणि डबीवर चिठ्ठी चिकटवणार, 'उत्तर बाजू, वरची बिजागरी'. झडप बसवली की चौकटीतली फट मोजायला खिशातून पट्टी निघायची. "अहो, खिडकी आहे ही, विमान नाही," मी एकदा वैतागून म्हटलं. "विमानातल्याला निदान पॅराशूट असतं साहेब," ते शांतपणे म्हणाले. "खिडकीखाली बसलेल्या पोराला काय असतं?"

कारखान्याचा एक नियम त्यांनी शाळेतही आणला. करणाऱ्यानं आपलं काम आपणच पास करायचं नाही. दुसऱ्यानं तपासायचं, चौकटीवर खडूनं खूण करायची, मगच पुढची खिडकी. "हात चुकणारच हो, म्हातारा काय नि तरणा काय. म्हणून तर दुसरे डोळे लागतात." आणि हे दुसरे डोळे म्हणून त्यांनी निवडला कोण, तर मी! कचेरीत सही ठोकण्याआधी वर काय लिहिलंय ते जन्मात कधी न वाचलेला कारकून. खडू माझ्या हातात, म्हणून मी साहेब. पहिले काही रविवार मी इमानेइतबारे झडपा उघडून-मिटून पाहिल्या, स्क्रू पिळून पाहिले. ते हात मागे बांधून, दहावीचा निकाल ऐकायला आल्यासारखे शेजारी उभे असायचे. मग एका रविवारी मिसळ आली, ती गार होईल म्हणून मी पश्चिमेच्या खिडकीकडे नुसती नजर टाकली आणि खूण ओढली. "तपासलीत ना?" त्यांनी विचारलं. "एकदम ओके," मी म्हणालो. तोंडात पाव होता.

पाहुण्यांना शाळा दाखवायच्या दिवशी कुणीतरी नेमकी तीच झडप उघडली आणि ती खालच्या बिजागरीतून सुटून लोंबकळली. तावदान फुटलं, कुणाला लागलं नाही, हे नशीब. बिजागरीचे स्क्रू अर्धेच पिळलेले होते. ओझरवाले पुढे झाले. "साहेबांनी तपासली तेव्हा ठीक होती. नंतर मीच तेल घालायला पुन्हा सोडवली असणार," ते म्हणाले. "मला आठवत नाही. पण मीच असणार." मी दोन पावलांवर उभा होतो. चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून माझी जीभ रेटली नाही. आयुष्यात इतकी लाज मला कशाचीच वाटलेली नाही.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. मग मी एसटी पकडून ओझर गाठलं. त्यांच्या सूनबाईंनी दार उघडलं. "बाबा घराबाहेरच पडत नाहीत. गॅस बंद केलाय का, ते दिवसातून दहा वेळा बघतात. म्हणतात, माझं डोकं आता कामाचं राहिलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी आत गेलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "तुमची आठवण शाबूत आहे. ती खिडकी मी तपासलीच नव्हती." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे मी पुन्हा हात लावला नव्हता?" "नाही." "मग तेव्हाच सांगायचं हो," एवढंच म्हणाले, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

आता ते पुन्हा दर रविवारी येतात. हात तसाच चालतो, थट्टाही तशीच चालते, मिसळीवर शेव मला आठवणीनं वाढतात. फक्त खिडकी झाली की आमच्यातल्या एका शिक्षिकेला हाक मारतात, "बाई, जरा बघता का?" बाई एकेक स्क्रू पिळून बघतात. मी शेजारीच रंग खरवडत असतो. तेवढा वेळ ते माझ्याकडे पाहायचं टाळतात, मला वाईट वाटू नये म्हणून.