डावीकडचं विमान

"खांब काय चालत आला होता गाडीला भेटायला?" आजींनी विचारलं. हातातली पळी त्यांनी तशीच उगारून धरली होती.

"फाटक अरुंद आहे," आजोबा म्हणाले.

"आपण इथे राहायला आलो तेव्हापासून तेवढंच आहे. रुंदी वाढली ती तुमची आणि माझी. फाटक बिचारं जागच्या जागी आहे."

जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी, सुनेने गाडीचा मोडका आरसा आणून ठेवला होता. डाव्या बाजूचा. याआधीचा मोडला होता तोही डाव्याच बाजूचा.

"बाबा, माझं एवढंच म्हणणं आहे," ती म्हणाली, "डोळे एकदा दाखवून घ्या. तोवर छोटीला पोहायला मी नेत जाईन."

"तू नेणार. तू गाडी लावायला लागलीस की शेजारी कुंड्या उचलून आत नेतात."

मुलगा खाली मान घालून जेवत होता. बाप आणि बायको समोरासमोर आले की आपण घास मोठा घ्यावा, हे तो लग्नानंतर लगेच शिकला होता.

"किल्ली माझ्या खिशात आहे," आजोबा म्हणाले, "आणि खिशातच राहील."

हे बोलायचा त्यांना हक्क होता. डेपोत बस धुणारा पोरगा म्हणून ते लागले आणि घाटातल्या रात्रीच्या गाडीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. डेपोतले लोक त्यांना 'इस्त्री' म्हणत, कारण रस्ता कसाही असला तरी यांच्या बसमध्ये झोपलेल्या माणसाची झोप मोडत नसे. एवढ्या वर्षांत गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. पाळी संपली की उतरण्यापूर्वी ते स्टिअरिंगवर तळहात ठेवून "आभारी आहे" म्हणत. कोणाला म्हणता, असं आजींनी एकदा विचारलं होतं. "सगळ्यांनाच. ब्रेकला, पलीकडून नीट आलेल्या गाड्यांना, तुला." आजींनी त्यावर नाक मुरडलं, पण त्या दिवशी चहात साखर जास्त पडली. आता नोकरी नव्हती. नातीला, छोटीला, पोहायला नेणं, एवढीच पाळी उरली होती.

"मग निदान मी दिलेली भेट तरी वापरा," मुलाने शेवटी घास गिळला. सत्तरीच्या वाढदिवसाला त्याने वडिलांना विमानाच्या सिम्युलेटरमधला एक तास दिला होता. प्रवासी जेटची हुबेहूब केबिन, शिकवायला शेजारी माणूस. आजोबांनी तेव्हा 'पोरखेळ' म्हणून तो बाजूला सारला होता. आज त्यांचे डोळे चमकले.

"जातो. आणि सूनबाई, तूच चल बरोबर. मला गाडी चालवता येत नाही म्हणतेस ना, विमान चालवताना बघ."

आरसा नव्हता म्हणून दोघं बसने गेली. ड्रायव्हरने दोन वेळा ब्रेक मारला, दोन्ही वेळा आजोबांनी सुनेकडे बघून "च्च" केलं.

जागा एका व्यायामशाळेच्या वर होती. केबिनमध्ये शिरायला वाकावं लागलं. दोन खुर्च्या, छतापर्यंत बटणं आणि समोरून दोन्ही बाजूंपर्यंत वळलेला पडदा. आजोबा डाव्या खुर्चीत बसले, उजवीकडे शिकवणारी बाई, मागच्या स्टुलावर सून.

"काका, इथे नियम एकच," बाई म्हणाली. "विमान कोणाच्या हातात आहे, यात गोंधळ नको. द्यायचं असेल तर 'कंट्रोल तुमच्याकडे' म्हणायचं, घेणाऱ्याने 'कंट्रोल माझ्याकडे' म्हणायचं. तसं ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही. आणि मी घेते म्हटलं, तर तुम्ही द्यायचं."

"खरे पायलट असं बोलतात?"

"रोज. मोठमोठे कॅप्टनसुद्धा. त्यात कमीपणा नसतो."

"आमच्या बसला स्टिअरिंग एकच. देणार कोणाला, कंडक्टरला?"

मग ते उडाले. धावपट्टी पायाखालून सुटली, शहराचे दिवे तिरके झाले आणि ढगांच्या वर एकदम ऊन लागलं. बाई सांगेल तसं आजोबा बोटांनी, जेमतेम, विमान वळवत होते. उतरताना धावपट्टी मोठी होत आली, चाकं टेकली, मागे सुनेचं स्टूल जरासं हललं इतकंच.

"प्रवाशांचा चहा सांडला का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"थेंबसुद्धा नाही, बाबा," ती म्हणाली. आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं.

"आता सावकाश इमारतीकडे नेऊ," बाईने सांगितलं. "डावीकडून एक विमान येतंय, त्याला आधी जाऊ द्या."

"हो," म्हणाले आजोबा, आणि चालवत राहिले.

"काका, डावीकडे."

"कुठे आहे?"

त्यांनी अख्खी मान वळवली. डाव्या काचेत पांढरं नाक आलं होतं, काचभर.

"कंट्रोल माझ्याकडे," बाई म्हणाली. मीठ मागावं तितक्या साध्या आवाजात.

आजोबांचे हात उचलले गेले. "कंट्रोल तुमच्याकडे."

विमान थांबलं. "नवीन माणसाचं होतं असं," बाई म्हणाली. "लक्ष समोरच असतं."

आजोबांनी मान हलवली, पण त्यांना कळलं होतं. खांब बारीक असतो, तो दिसला नाही म्हणता येतं. विमान दिसलं नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? छोटीच्या पोहण्याच्या तलावाचं दारही रस्त्याच्या डाव्याच हाताला होतं. ओल्या केसांची पोरं तिथूनच पळत बाहेर येत.

उठताना त्यांनी समोरच्या पट्टीवर तळहात ठेवला. "आभारी आहे." बाईला वाटलं, आपल्याला म्हणाले. तिलाही म्हणालेच होते.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. ड्रायव्हरने ब्रेक मारला तरी "च्च" केलं नाही. आजवर सगळे उतारू घरी पोचले. मोडले ते दोन आरसे. आणि आजचं विमान नुसता उजेड होता, त्यात कोणी बसलेलं नव्हतं. माणसाला कळायचं ते इतक्या स्वस्तात कळावं, हे काय कमी आहे? शेजारी सून होती. तिने सगळं पाहिलं होतं. जिची जीभ भाजी निवडतानाही थांबत नाही, ती सबंध वाटेत एकच वाक्य बोलली, "बाबा, वारा लागत असेल तर काच लावू का?" त्याबद्दल तिचे आभार कसे मानावेत, हे त्यांना सुचेना.

घरी पानं मांडली होती.

"झालं विमान?" आजी म्हणाल्या. "आता रॉकेट कधी?"

आजोबांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावरच्या मोडक्या आरशाजवळ ठेवली आणि तिच्यावर तळहात ठेवून सुनेकडे पाहिलं.

"कंट्रोल तुझ्याकडे."

तिने किल्लीकडे हात नेला.

"म्हण. म्हटल्याशिवाय हात सोडता येत नाही."

"कंट्रोल माझ्याकडे," ती हळूच म्हणाली.

त्यांनी हात उचलला आणि पाटावर बसावं तसे खुर्चीत बसले.

"उद्यापासून छोटीला ही नेईल. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. गाडीत शेजारी बसेन आणि कुंड्यांबद्दल एक अक्षर बोलणार नाही. वाढ आता."