कच्च्या चिखलाचा थेंब

आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे चिखल्या म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. बावीस वर्षं एकच काम. कातडी कमावण्याच्या कारखान्यामागे एक मोठं डबकं आहे, तिथला चिखल आणायचा, उकळायचा आणि बाटल्यांत भरायचा. दारातून आधी वास यायचा आणि मग तो. मी स्टोअरच्या खिडकीतूनच ओरडायचे, "तिथंच थांब! काय हवं ते तिथून सांग." कमरेपर्यंत बरबटलेला हा माणूस वर हसायचा. माझ्या अगदी डोक्यात जायचा.

मी स्टोअर सांभाळते. काच, सुया, रबरी बुचं, हातमोजे. सही केल्याशिवाय माझ्या खिडकीतून टाचणीसुद्धा बाहेर जात नाही. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणोत बापडे. पण मी हे सांगतेय ते चांगुलपणाचा आव आणायला नाही, एवढं आधीच ऐकून ठेवा.

आमच्या साहेबांचं सगळं नाव एका जोडीवर उभं होतं. दोन जंतू, डोळ्यांना न दिसणारे. पहिला कारखान्याची घाण खातो आणि हायड्रोजन सोडतो. तो वायू साठत गेला की त्याचं स्वतःचंच खाणंपिणं बंद पडतं. दुसरा जगतो तोच वायू खाऊन. म्हणजे दुसरा नसेल तर पहिला कोंडून मरतो, पहिला नसेल तर दुसरा उपाशी मरतो. साहेबांनी ही जोडी त्या डबक्यातून वेगळी काढली, त्यावर शोधनिबंध छापून आला, बाहेरच्या देशांतून बोलावणी आली. भाषणात साहेब दोन बोटं एकमेकांत अडकवून दाखवायचे. "फक्त दोघं. तिसरा कोणी नाही." आमची झाडूवाली बाईसुद्धा त्याची हुबेहूब नक्कल करायची.

या जोडीला दर दहा दिवसांनी नव्या बाटलीत हलवावं लागतं. हवा लागली की खेळ खलास. ते काम चिखल्याचं. चिखलाचं पाणी दाबाच्या भांड्यात उकळून त्यातलं सगळं मारायचं, ते थंड करून बाटलीत भरायचं, आणि जुन्या बाटलीतला थोडा ऐवज सुईनं त्यात सोडायचा. बुचात एक रिकामी पिचकारी टोचून ठेवायची. आत वायू तयार झाला की पिचकारीचा दट्ट्या आपोआप वर सरकतो. दट्ट्या सरकला म्हणजे जोडी जिवंत, आणि साहेबांचा मूड चांगला.

चिखल्याच्या घरी तो आणि त्याची बायको, बस्स. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागायचं आणि ते आमच्या संस्थेच्या उपचारांच्या कार्डावर फुकट व्हायचं. नोकरी आहे तोवर कार्ड, कार्ड आहे तोवर यंत्र, यंत्र आहे तोवर बायको. मी एकदा तिला भेटायला गेले होते. हाताच्या काड्या झालेल्या, पण जीभ माझ्यासारखीच. म्हणाली, "ताई, मी यांना सांगून ठेवलंय, मी गेले की त्या डबक्याशेजारीच खोली घ्या. येण्याजाण्याचा त्रास वाचेल." चिखल्या चहा गाळत होता. त्याचा हात थांबला, आणि मग तो परत गाळायला लागला.

आता मुद्द्यावर येते. अकरा वर्षांपूर्वी, निबंध नुकताच छापून आला होता तेव्हा, एका महिन्यात जोडी तीनदा मेली. साहेबांनी सगळ्यांसमोर चिखल्याची खरडपट्टी काढली. पुन्हा मेली तर उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. चार-पाच दिवसांनी तो सुया घ्यायला माझ्या खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "ताई, जमलं. उकळलेल्या पाण्यात मी एक थेंब कच्चा चिखल टाकला. सकाळी दट्ट्या हा एवढा वर!"

"कच्चा? म्हणजे न उकळलेला?"

"हो. कोपरभर खोलवरचा. वरचा चालत नाही. त्यात काहीतरी आहे बघा, ज्याच्याशिवाय या दोघांचं चालत नाही. साहेबांना सांगू का?"

मी म्हणाले, "वेडा आहेस का? साहेब जगभर दोघं दोघं करत फिरतायत आणि तू तिसरा घेऊन जाणार? गप्प बस. चाललंय ते चालू दे."

तो गप्प बसला. माझं ऐकलं त्यानं. दर दहा दिवसांनी एक थेंब, अकरा वर्षं.

मग बाहेरून तक्रारी यायला लागल्या. साहेब ज्यांना ज्यांना जोडीच्या बाटल्या पाठवायचे, त्यांच्याकडे ती महिनाभरात मरायची. जगायची फक्त आमच्याकडे. लोक कुजबुजायला लागले की आकडे बनावट आहेत. शेवटी छापणाऱ्यांनीच पत्र धाडलं, तीन महिन्यांत सिद्ध करा, नाहीतर निबंध मागे घ्या. साहेबांनी एका नव्या मॅडमना चिखल्याच्या शेजारी स्टूल टाकून बसवलं. त्याचा हात कुठे जातो, काय उचलतो, सगळं लिहायचं. दुसऱ्याच खेपेला मॅडमनी त्याला एका छोट्या डबीत सुई बुडवताना पाहिलं.

"हे काय?"

"कच्चा चिखल."

"कशाला?"

"त्याशिवाय जगत नाहीत ना ते दोघं." त्यानं असं सांगितलं जसं काही सगळ्यांना ठाऊकच आहे. गाढव! मला आजही त्याचा राग येतो. निदान डबी लपवायची तरी.

साहेबांचा आवाज तीन मजले खाली ऐकू आला. माझ्या आयुष्यभराच्या कामात घाण कालवलीस, म्हणाले. चौकशी बसली. तिघंजण टेबलामागे, समोर एक खुर्ची. चिखल्यानं सगळं सरळ कबूल केलं आणि म्हणाला, "स्टोअरच्या ताईंना तेव्हाच सांगितलं होतं मी." गप्प बस असं मी सांगितलं होतं, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. ते स्वतःजवळ ठेवलं.

मला आत बोलावलं. माझ्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. साहेबांच्या कपाळावरची शीर उडत होती. त्यांनीच विचारलं, "हा बाटलीत कच्चा चिखल टाकतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी कानांवर हात ठेवले. "छे! मला कसं माहीत असणार? मी सुया देते. पुढे त्यांचं कोण काय करतं, मी बघायला जात नाही."

पाण्याचा घोटसुद्धा न घेता म्हणाले हो मी हे. जबाबाखाली सही केली, वळणदार.

चिखल्याला काढलं. एक तारखेपासून कार्ड बंद. तो बायकोला सरकारी दवाखान्यात न्यायला लागला. तिथं यंत्रं तीन आणि माणसं शंभर. नंबर लागला तर लागला, नाहीतर परत घरी. दोन आठवडे एकेकदाच लागला, तिसऱ्याला लागलाच नाही. अंगात पाणी भरलं, श्वास घेता येईना. पाचव्या आठवड्यात तिथल्याच बाकावर, नंबराची चिठ्ठी मुठीत धरून बसल्या बसल्या गेली. चिठ्ठीवर एकसष्ट होतं आणि आत त्रेपन्नावा चालू होता, असं झाडूवालीनं येऊन सांगितलं. मी भेटायला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

आणि इकडे? इकडे साहेबांची चांदी. त्या कच्च्या थेंबात मॅडमना तिसरा जंतू सापडला. इतका थोडा असायचा, की आजवर तपासणीच्या यंत्रात त्याची खूण दिसली तरी कचरा समजून सोडून देत होते. तो एक जीवनसत्त्व बनवतो, जे त्या दोघांना बनवताच येत नाही. पण बाटलीत तो महिन्याभरात मरतो, म्हणून दर वेळी नवा लागतो. बदनामी व्हायची ती राहिलीच, उलट नवा निबंध आला, जुन्याहून मोठा. साहेब भाषणात आता तीन बोटं अडकवून दाखवायला लागले. आभारात मॅडम होत्या, यंत्र बनवणारे होते, साहेबांच्या सौभाग्यवतीही होत्या. चिखल्या कुठेच नव्हता.

पण तिसरा काही हाताला लागेना. तिघं-चौघं जाऊन काठावरचा चिखल घेऊन यायचे, बाटल्या मरायच्या. डबक्यात नेमकं कुठं उतरायचं, किती खोल हात घालायचा, हे एकालाच माहीत. बायको जाऊन चार महिने झाल्यावर साहेबांनी त्याला बोलावणं पाठवलं. रोजंदारीवर. मला सांगितलं, "कागद तयार ठेवा. कार्डाचा रकाना कोरा सोडा, आता त्याला त्याची गरज नाही."

तो आला. साहेबांच्या खोलीत पंधरा मिनिटं होता, मग माझ्या खिडकीशी आला. अंगाला चिखलाचा वास नव्हता, त्यामुळे तो आल्याचं मला कळलंच नाही. मी अर्ज भरायला घेतला. नाव, वय. मग तो रकाना आला आणि मला विचारावंच लागलं.

"तुझ्यावर अवलंबून असलेलं कोणी?"

"कोणी नाही. तसंच लिहा."

मी लिहिलं. तो म्हणाला, "साहेब आज चांगले बोलले. म्हणाले, तेव्हा नुसती ताकीद द्यायचं ठरत आलं होतं. कायम नोकरीतल्या कुणाला माहीत होतं एवढं जरी कागदावर आलं असतं, तरी लपवून केलं असं धरलं नसतं. ज्याला माहीत होतं त्यालाही काही झालं नसतं. पण तुम्ही नाही म्हणालात."

साहेब स्वतःचं माझ्यावर ढकलतायत, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खरं होतं. नियमांची वही माझ्याच कपाटात असते. तसं कलम आहे त्यात. एकदा उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. ती मी उघडली नाही, कारण मला त्याच्यापेक्षा माझीच पडली होती.

त्यानं विचारलं, "तुम्हाला आठवत नव्हतं का, ताई?"

रागानं नाही हो. खरंच विचारत होता. आठवत होतं असं मी म्हणाले असते तर त्यानं मला मारलं नसतं, शिवीही दिली नसती. एवढं मला कळत होतं, आणि तरीही मी म्हणाले, "नव्हतं रे आठवत."

"मलाही तेच वाटलं," तो म्हणाला. "ती शेवटपर्यंत तुम्हाला बोल लावत होती. मी तिला सांगत होतो, ताई मुद्दाम तसं करणार नाहीत."

मग त्यानं सही केली, हातमोज्यांचा एक जोड मागून घेतला आणि चिखल आणायला गेला.