दीडची भरती आणि सव्वाअकराचे साहेब

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या ऑक्टोबरात उरणकडच्या एका जुन्या मिठागराच्या तळ्यावर पनवेलच्या दोन जाणकार पक्षीनिरीक्षकांनी आपले सगळे ज्ञान पणाला लावून त्या तळ्याचा जीव जवळजवळ घेतला. त्या दोघांपैकी एक मी. दुसऱ्या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि चूक माझीच होती असं त्या आजही सांगतात.

तळं तिथल्याच एका काकांच्या घरामागचं. काकांच्या आजोबांपासून तिथे मीठ पिकायचं. ते बंद पडलं, बांध राहिले, पाणी राहिलं आणि पावसाळा सरला की लांब उत्तरेकडून येणारे पक्षी तेवढे येत राहिले. त्यांच्यासाठी मी आणि बाई कित्येक वर्षं वाटेतल्या उलव्याची धूळ खात तिकडे जातो. काकी चहा देतात आणि "पाखरांना काय सोनं लागलंय?" असं दर खेपेला विचारतात.

आता त्या तळ्यावर भराव पडायचा होता. कागदावर ती पडीक जमीन होती. शेजारचं तळं बुजवलं त्याच पावसाळ्यात उधाणाचं पाणी काकींच्या चुलीपर्यंत आलं. भिंतीवर त्याची रेघ अजून आहे. हेही तळं गेलं तर त्या घरात राहणं संपलं, हे सगळ्यांना कळत होतं. काकींनी तर भांडी माळ्यावर चढवून ठेवली होती, ती खाली काढलीच नव्हती.

म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सरकारी कचेरीत अर्ज लिहून दिला. 'स्थलांतरित पक्ष्यांचे आश्रयस्थान' हे शब्द माझे. कचेरीचं उत्तर आलं की एक साहेब पाहणीला येतील, एकदाच. पक्षी दिसले तर तशी नोंद होईल, नाही दिसले तर नाही. दिवस कोजागिरीनंतरचा दुसरा. वेळ अकरा.

वेळ वाचून काकांनी कागद ओटीवर ठेवला. हे पक्षी तळ्यावर मुक्कामाला नसतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीनं चिखल बुडाला की मगच बांध ओलांडून तळ्यावर येतात. काकांनी बोटांवर हिशेब केला. "दुतिया हाय. तितीची पाऊनपट करा. दीड. दीडला पूर्न भरती. पाखरां साडेबाराच्या आत नाय यायची."

"वेळ बदलून मागू," मी म्हटलं.

"आनि डंपर? ते थांबतील?"

रस्त्याच्या कडेला दोन डंपर आधीच उभे होते. वेळ बदलून मागितली नाही.

साहेब सव्वाअकराला आले. माणूस सज्जन, थकलेला, एक वाजता पनवेलला मीटिंग. तळ्यावर एकूण चार बगळे आणि एक म्हैस.

"बगळे तर आमच्या सोसायटीमागच्या नाल्यावरही आहेत," साहेब म्हणाले.

सव्वातास काढायचा होता. काकींनी चहा आणला, मग तांदळाची भाकरी, मग सुक्या बोंबलाची चटणी. काकांनी बांधावर खुर्ची टाकली, तिच्यावर छत्री धरली. बाकीचं काम माझ्या जिभेवर आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं! मी साहेबांना सायबेरिया दाखवला. हिमालय चढवला, उतरवला. वडापावाएवढ्या वजनाचा पक्षी रात्र रात्र उडत कसा येतो ते हात पसरून, बांधावर धावून दाखवलं. म्हशीनं मान वळवून पाहिलं. साहेब हसले, आणि हसता हसता घड्याळ बघितलं. बारा वाजले होते.

बारा वाजून दहा मिनिटांनी ते उठले. काका नुसते हात जोडून वाटेत उभे राहिले. सत्तरीचा माणूस, आयुष्यात कुणापुढे वाकला नाही असा. मला तिकडे बघवेना. माझ्या अर्जानं त्याला इथे आणून उभं केलं होतं.

"पाचच मिनिटं, सर," बाई म्हणाल्या. वर्गाला म्हणायच्या त्याच आवाजात. साहेब बसले.

पाचाची वीस झाली. बाई खाडीकडे बघेनात, मी घड्याळाकडे बघेना. साहेब दुसऱ्यांदा उठले, गाडीकडे चार पावलं गेले, आणि बांधापलीकडून फडफडलेल्या चादरीसारखा आवाज आला. आधी एक करडा पट्टा दिसला. तो वळला तसा पांढरा झाला, पुन्हा वळला आणि करडा झाला. मग सगळा थवा तळ्याच्या काठावर ओतल्यासारखा उतरला. शेकडो! काका चक्क रडत होते. साहेबांनी फाइल उघडली, पेन काढलं.

"सांगा पटकन. या पुढच्या रांगेतल्यांचं नाव?"

स्टँडवरची मोठी दुर्बीण माझ्या हाताशी होती. "मोठा चिखल्या," मी छाती काढून म्हटलं.

"छोटा," बाई म्हणाल्या.

"बाई, पाय बघा. लांब आहेत."

"चोच बघा. आखूड आहे."

"तिरक्या कोनातून बघितलं तर आखूडच दिसणार!"

"अहो, मी कोन शिकवत होते तेव्हा तुम्ही शाळेच्या कुंपणावरून उड्या मारत होतात."

आम्हा पक्षीवाल्यांमध्ये एक नियम आहे. खात्री नाही, तर नोंद नाही. त्या नियमापायी आम्ही मैत्र्या तोडल्या आहेत. भांडणाच्या नादात मागच्या रांगेतले शेकाटे, लाल लाल लांब पायांचे, जे शेंबडं पोरही ओळखेल, ते आम्ही दोघंही सांगायला विसरलो. यादी पहिल्याच नावावर अडली.

"म्हणजे तुमची खात्री नाही?" साहेबांनी विचारलं. "मग 'ओळख पटली नाही, नोंद नाही' असं लिहू?"

"हो, तेच प्रामाणिक!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. त्या दिवशी आमचं एकमत झालं ते तेवढंच.

काकांचा चेहरा पाहिला तेव्हा आपण काय बोललो ते मला कळलं. पाण्याच्या रकान्यात, ओटीच्या रकान्यात, चुलीच्या रकान्यात मी माझ्या तोंडानं शून्य भरलं होतं. अहवाल अजून आलेला नाही. डंपर कधी असतात, कधी नसतात. काकींची भांडी माळ्यावरच आहेत. साहेबांनी शेवटी काय लिहिलं ते आम्हाला ठाऊक नाही, पण पेन कागदाला टेकणार एवढ्यात भाकरीचं ताट तसंच हातात धरून काकी बांधावरून ओरडल्या ते ठाऊक आहे:

"ओ सायेब, तुमी नुसतं 'पाखरां' लिवा! यांचं भांडन मिटलं का मंग नाव घाला!"