आधी कोण पोचेल

आमच्या धायरीच्या सोसायटीत लिफ्ट दुरुस्तीला येणारे गृहस्थ चाळिशीचे असतील. हत्यारांची पेटी उघडण्याआधी ते मला हमखास विचारतात, "अहो, समजा लिफ्ट अडकली. आपल्या लहानपणच्या कार्टूनमधला उडणारा हिरो आणि भिंत चढणारा हिरो, दोघंही निघाले. आधी कोण पोचेल?"

मी म्हणतो, उडणारा.

ते मान हलवतात. "दोन हिरो भेटले की आधी गैरसमजातून मारामारी करतात. दर वेळी. तोवर आतल्या माणसाचं काय?"

हे ते इतक्या काळजीनं विचारतात, की मला हसता येत नाही.

परवा सकाळी शाळेला निघालेली माझी मुलगी चौथ्या मजल्यापाशी अडकली. मी त्यांना फोन केला. ते आले तेव्हा लिफ्टची किल्ली कोणी हरवली, यावरून खाली चेअरमन आणि सेक्रेटरी यांची जुंपली होती. त्यांच्याकडे न बघता हे जिना चढले आणि दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाले, "बाळा, तुझा आवडता हिरो कोण गं?"

ती रडत रडत सांगू लागली. ते मधूनमधून "मग?" म्हणत होते. बोलता बोलताच त्यांनी स्वतःजवळची किल्ली दाराला लावली.

अखेर दार सरकलं. मुलगी मला येऊन बिलगली. खाली भांडण चालूच होतं.

"पोचलात की वेळेवर," मी म्हटलं.

"एकटा होतो ना," ते म्हणाले, "म्हणून."